वधस्तंभ, समाधी आणि रस : ख्रिस्तमरणाच्या चित्रणाविषयी

पारोळ्याच्या बाजारपेठेत तसबिरींना चौकटी करून देणारे एक जुने दुकान आहे. बालाजी, सप्तशृंगी, गजानन महाराज, बुद्ध आणि बाबासाहेब, मक्का-मदिना अशा तसबिरी तेथे एकाच भिंतीवर शेजारी शेजारी नांदतात. त्यांत येशूच्याही दोन आहेत : एकीत त्याच्या खांद्यावर मेंढरू आहे, दुसरीत छातीवर प्रकाशमान हृदय. वधस्तंभावरच्या ख्रिस्ताचे चित्र मात्र तेथे नाही. प्रस्तुत निबंधाच्या निमित्ताने मी दुकानदाराला त्याचे कारण विचारले, तेव्हा त्याने हातातली पट्टी खाली न ठेवताच उत्तर दिले : “मरनना फोटू घरमा कोन लावस, सर?”

या उत्तरात सौंदर्यशास्त्राचा एक खरा प्रश्न दडलेला आहे, असे मला वाटते. आपल्या घरांतून मृतांच्या तसबिरी असतातच. पण हार घातलेल्या त्या तसबिरीत माणूस जिवंत असतो, मरत असलेला नसतो. ज्याच्यावर प्रेम करावयाचे, ज्याची पूजा करावयाची, त्याला ठार मारले जात असताना पाहावयाचे, आणि तेही रोज, घरच्या भिंतीवर, ही गोष्ट मराठी भावविश्वाला मुळातच अपरिचित होती. सोळाव्या शतकात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ती आली. तिचे पुढे काय झाले, कोणत्या भावाच्या साच्यात ती बसविली गेली आणि कोठे ती बसेना, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ख्रिस्ती कलेच्या केंद्रस्थानी हे चित्र आरंभापासून होते, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती तशी नाही. क्रूसारोहण ही रोमन साम्राज्यात गुलामांना व बंडखोरांना द्यावयाची अप्रतिष्ठेची शिक्षा होती, आणि तिची लाज पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांना वाटत असली पाहिजे. भूमिगत दफनस्थानांतील भित्तिचित्रांत मेंढपाळ आहे, मासा आहे, भाकरी आहे. वधस्तंभावरचा देह नाही. रोममधील सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावरील आणि ब्रिटिश म्युझियममधील हस्तिदंती पट्टीवरील दृश्ये ही अशा चित्रणाची सर्वांत जुनी उदाहरणे समजली जातात, आणि ती दोन्ही पाचव्या शतकातील आहेत. त्यांतही ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. तो स्तंभावर टांगलेला नाही, उभा आहे. मरणाला जिंकणाऱ्या या ख्रिस्ताच्या जागी डोळे मिटलेला, मान कलंडलेला, यातना सोसणारा ख्रिस्त पश्चिमेत रुळला तो तेराव्या शतकात, आणि त्यात संत फ्रान्सिसच्या अनुयायांचा वाटा मोठा होता. पादोव्हाच्या स्क्रोव्हेग्नी प्रार्थनागृहात जोत्तोने सुमारे १३०५ मध्ये रंगविलेल्या विलापाच्या दृश्यात आकाशातले देवदूतदेखील तोंडे वाकडी करून रडतात. थोडक्यात, चौकटवाल्याची अडचण युरोपलाही होती, आणि ती सुटायला हजारांहून अधिक वर्षे लागली.

ती सुटल्यावर काय झाले, हे ग्र्युनेवाल्डच्या इझेनहाइम येथील वेदीचित्रात दिसते. १५१२ ते १५१६ या काळातले हे चित्र ज्या मठासाठी केले गेले, तेथे दूषित धान्यातून होणाऱ्या एका भयंकर रोगाच्या रुग्णांची शुश्रूषा होत असे. त्या रोगात अवयव काळे पडत, झडत. चित्रातल्या ख्रिस्ताची कातडी हिरवट आहे, अंगभर व्रण आहेत, बोटे वेदनेने ताठली आहेत. आपल्या शास्त्राच्या भाषेत हा उघडच बीभत्स होय. परंतु वेदीपुढे आणलेल्या रुग्णाला त्यातून जुगुप्सा वाटत नसावी. आपल्यासारखाच कोणी आपल्या आधी येथे पडला आहे, असे वाटत असावे. चित्राचा अर्थ येथे चित्रात जेवढा आहे तेवढाच पाहणाऱ्याच्या देहात आहे.

इथेच रसव्यवस्थेशी पहिला खटका उडतो. करुणाचा स्थायी शोक, हे आपण वर्गात सांगतो. पण शोकाचा रस व्हावयाचा तर तो माझा किंवा परक्याचा राहता कामा नये. त्याचे साधारणीकरण झाले पाहिजे. अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी विघ्ने सांगितली आहेत, त्यांत प्रेक्षकाने आपल्याच सुखदुःखात गुंतून पडणे हे एक आहे. मराठीत या चर्चेला न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात ‘सविकल्प समाधी’ची जोड दिली : वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपले स्वत्व विसरत नाही, आणि म्हणूनच दुःखाचेही वाचन आनंददायी होते. के. ना. वाटवे यांच्या ‘रसविमर्शा’पर्यंत आणि त्याही पुढे हा वाद चालला. त्या सर्व वादाचे एक गृहीत होते, ते असे की आस्वादक निर्दोष आहे. सीतेला वनात रामाने सोडले, प्रेक्षकाने नव्हे.

ख्रिस्तमरणाचे भक्तिचित्र नेमके हेच गृहीत नाकारते. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ मध्ये छापलेल्या पुस्तकात तिसरा आठवडा ख्रिस्ताच्या यातनांच्या चिंतनासाठी राखलेला आहे. साधकाने प्रसंगाची जागा मनात रचावयाची, रस्ता, दालन, माणसे डोळ्यांपुढे आणावयाची, आणि मग दुःख मागावयाचे ते या कारणासाठी की हा माझ्या पापांसाठी मरणाकडे चालला आहे. अभिनवगुप्ताने ज्याला विघ्न म्हटले, ते येथे प्रवेशद्वार आहे. या दुःखाला करुण म्हणता येत नाही. मराठी संतवाङ्मयात त्याच्या जवळची संज्ञा ‘अनुताप’ ही आहे. पण आपल्याकडे अनुताप अभंगात, ओवीत, कीर्तनात राहिला. त्याचे चित्र कोणी काढले नाही. पांडुरंग विटेवर शांत उभा राहतो, आणि अनुताप होतो तो त्याच्यासमोर उभे राहणाऱ्या भक्ताला.

मग देवाच्या किंवा संताच्या जाण्याविषयी मराठी परंपरेने काय केले? तिने त्या घटनेला समाधी, प्रयाण, निर्वाण अशी नावे दिली. ज्ञानदेवांच्या १२९६ मधील समाधीवरचे नामदेवांचे अभंग हा मराठीतील करुणाचा एक मोठा ठेवा होय, आणि त्यांत रडतात ते मागे राहणारे. जाणारा मात्र स्वस्थ आहे. महानुभावांचे ‘स्मृतिस्थळ’ तर देव निघून गेल्यानंतरच्या उजाड दिवसांचेच पुस्तक आहे. आम्ही खानदेशी माणसे अजिंठ्याला आपल्या अंगणातले समजतो, म्हणून तेथील दोन उदाहरणे देण्याचा मोह आवरत नाही. सव्विसाव्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध सुमारे सात मीटर लांब आहे. तो उजव्या कुशीवर झोपल्यासारखा पहुडला आहे. मंचकाखाली शिष्य शोक करीत आहेत आणि वर आकाशात वाद्ये वाजत आहेत. शोक आहे, पण त्याला जागा खालची दिलेली आहे. दुसरे उदाहरण सोळाव्या लेण्यातले ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने प्रसिद्ध झालेले चित्र. मुंबईच्या कलाशाळेतील ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या प्रती करवून घेतल्या, आणि या चित्रातील कारुण्याचा त्यांनी मनापासून गौरव केला. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की ही राजकन्या मरत नाही. ती नंदाची पत्नी सुंदरी आहे. नवरा भिक्षू झाल्याची वार्ता ऐकून तिला मूर्च्छा आली आहे. व्हिक्टोरियन डोळ्याने जेथे मृत्युशय्या पाहिली, तेथे चित्रकाराने विरह रंगविला होता. मला ही चूक फार बोलकी वाटते.

या मांडणीवर आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. महाराष्ट्रातल्या शेकडो गावांच्या वेशीवर वीरगळ उभे आहेत आणि त्यांच्या खालच्या पट्टीत माणूस लढताना पडलेला दाखविला आहे. तेव्हा वधाचे चित्र आपल्याकडे नव्हते असे कसे म्हणावे? उत्तर असे की, वीरगळाची पट्टी एकटी कधी नसते. वरच्या पट्टीत अप्सरा त्याला नेतात आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो. डोळ्याला खाली थांबू दिले जात नाही. दुसरा आक्षेप मोहरमचा. निरपराध, प्रिय व्यक्तीच्या हत्येचा शोक छाती पिटून, दरवर्षी, सामुदायिक रीतीने करणे याचा नमुना खानदेशातल्या गावांना ताबुतांमुळे ठाऊक होता, आणि त्यात हिंदूही सहभागी होत. भावनेच्या घडणीच्या दृष्टीने ख्रिस्तमरणाला आपल्याकडे सर्वांत जवळचे काही असेल तर ते हेच. पण तेथेही शहिदाचे रूप दाखवीत नाहीत. ताबूत असतो, पंजा असतो. आणि भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन रंगमंचावर मरतो खरा, परंतु तो अपवाद म्हणूनच शिकविला जातो.

अशा भूमीवर पोर्तुगीजांबरोबर क्रूसावरचा देह आला. प्रतिमांच्या योग्य वापराचा ठराव ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये केला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला उतरले, म्हणजे ते त्या ठरावानंतरच्या जगाचे माणूस होते. गोव्यात लाकडाचे व हस्तिदंताचे ख्रिस्त घडविले जाऊ लागले. घडविणारे हात पुष्कळदा स्थानिक कारागिरांचे असत. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातील क्रूसावरच्या ख्रिस्ताने १६३६ मध्ये डोळे उघडले आणि त्याच्या जखमांतून रक्त वाहिले, अशी श्रद्धा आहे. ती खरी की खोटी हा आपला प्रश्न नाही. मूर्तीकडून लोकांनी काय अपेक्षिले, हे तीत स्पष्ट होते. उत्तम शुक्रवारी हात हलविता येतील अशी ख्रिस्ताची प्रतिमा क्रूसावरून खाली उतरवून तिची प्रेतयात्रा काढण्याची प्रथाही गोव्याच्या चर्चमधून रुजली. चित्र नुसते पाहावयाचे राहिले नाही, त्याला खांदा द्यावयाचा झाला.

खानदेशाचा या इतिहासाशी एक ओझरता संबंध आहे. अकबराने १६०१ च्या जानेवारीत असीरगड घेऊन फारुकींचे खानदेशचे राज्य संपविले, त्या वेढ्याच्या काळात गोव्याहून आलेला जेझुइट जेरोम झेवियर त्याच्या तळावर होता. मुघल चित्रशाळेत त्याआधीच युरोपीय छाप्यांवरून नकला होत होत्या. केसूदासच्या नावावर असलेले सुमारे १५९० मधले क्रूसारोहणाचे चित्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इस्लामी श्रद्धेनुसार येशू क्रूसावर मेलाच नाही. तरीही चित्रकाराने ते दृश्य कसबाने उतरविले. कसब उतरले, अनुताप उतरला नाही. आणि तो उतरावा अशी तेथे कोणाची अपेक्षाही नव्हती.

मराठीत मात्र चित्राच्या आधी शब्दाने हे काम केले. स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाला पुराण म्हणणे हीच एक मोठी वाङ्मयीन कृती होती. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती श्रोत्याला ऐकण्याची सवय होती, आणि स्टीफन्सने त्या सवयीवर भिस्त ठेवली. क्रूसावरचा परका देह ओवीच्या परिचित चालीत आला, म्हणजे डोळ्याला न सोसणारे कानाला सोसवू लागले. फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश या धर्मगुरूचे ख्रिस्ताच्या यातना व मरण यांवरचे पुराण १६५९ चे. वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती समाजात ते उपवासकाळात गायिले जाई, आणि एकोणिसाव्या शतकातही मुंबईत छापले गेले. आपल्या वाङ्मयेतिहासांनी त्याच्याकडे जवळजवळ पाठच फिरविली आहे. रेव्हरंड टिळकांच्या ‘ख्रिस्तायना’ची गोष्ट निराळी. त्यांच्या हातून आरंभीची प्रकरणेच झाली आणि १९१९ मध्ये ते गेले. पुढचे बहुतेक काव्य लक्ष्मीबाईंनी रचले. म्हणजे मराठीतल्या या आधुनिक ख्रिस्तकाव्यात येशूचे मरण सांगणारा आवाज ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या बाईंचा आहे. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ सर्वत्र सारखे उतरलेले नाही हे मान्य करूनही, क्रूसाजवळ उभ्या असलेल्या आईचा प्रसंग एका मराठी स्त्रीने सांगावा याचे महत्त्व कमी होत नाही.

ही आई या साऱ्या विषयाची किल्ली आहे. चार शुभवर्तमानांपैकी केवळ योहानाच्या शुभवर्तमानात मरिया क्रूसाजवळ आहे, आणि तेथे ती फक्त उभी आहे. मुलाचे प्रेत मांडीवर घेतलेली आई बायबलात कोठेही नाही. चौदाव्या शतकातील जर्मन शिल्पकारांनी ती निर्माण केली आणि मायकेलअँजेलोने ती जगाच्या ओळखीची केली. शोक अनावर होऊन मूर्च्छित पडणारी मरिया चित्रकारांना इतकी आवडली की कायेतान या धर्मपंडिताला १५०६ मध्ये तिच्याविरुद्ध लिहावे लागले : ग्रंथ म्हणतो ती उभी होती. मूर्च्छित सुंदरी आणि मूर्च्छित मरिया यांच्यामध्ये हजार वर्षे व दोन खंड आहेत. दोन्ही ठिकाणी चित्रकाराने शोकाला राहण्यासाठी स्त्रीचा देह निवडला.

आंजेलो द फोन्सेका यांनी विसाव्या शतकात हीच वाट धरली, असे मला वाटते. गोव्यातील सांतो इस्तेव्ह या बेटावर १९०२ मध्ये जन्मलेला हा चित्रकार मुंबईची कलाशाळा सोडून शांतिनिकेतनात गेला आणि अवनींद्रनाथांचा शिष्य झाला. गोव्याला परतल्यावर त्याने मरियेला साडी नेसविली, आणि त्यावरून झालेल्या टीकेनंतर तो पुण्यास ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला. १९६७ मध्ये पुण्यातच त्याचा अंत झाला. त्याच्या चित्रसंभारात मातेची चित्रे वारंवार भेटतात. सौम्य जलरंग, खाली वळलेल्या पापण्या, लांब बोटे ही अजिंठ्याहून बंगालमार्गे आलेली भाषा आहे. तिच्यात रक्त सांगता येत नाही. टीकाकारांनी साडीवर बोट ठेवले, पण खरा बदल भावाचा होता : अनुतापाच्या जागी शांत आला. फोन्सेकाच्या चित्रापुढे पाहणारा आरोपी राहत नाही. तो पुन्हा सहृदय होतो. ही प्राप्ती आहे की हानी, याविषयी माझे मत काही वर्षांत बदलले आहे. पूर्वी मला ते भारतीयीकरणाचे यश वाटे. आता वाटते की त्यात एक किंमत मोजली गेली, आणि ती किती होती हे फ्रान्सिस न्यूटन सूझा याच्यामुळे कळते.

सूझा १९२४ मध्ये साळगावला जन्मला. बालपणी देवीच्या आजारातून वाचल्यावर आईने नवस फेडण्यासाठी त्याच्या नावात फ्रान्सिस घातले. ‘चले जाव’ चळवळीतील सहभागामुळे मुंबईच्या कलाशाळेने त्याला काढून टाकले, १९४७ मध्ये तो प्रोग्रेसिव्ह गटाच्या संस्थापकांपैकी एक झाला आणि १९४९ मध्ये लंडनला गेला. गोव्याच्या चर्चचा भपका आणि त्यातला तो खिळ्यांवर टांगलेला, रक्त ठिबकणारा माणूस यांनी बालपणी आपल्याला कसे पछाडले, हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. आज लंडनच्या टेट संग्रहालयात असलेले त्याचे १९५९ मधले ‘क्रूसारोहण’ सहा फूट उंचीचे आहे. ख्रिस्त काळा आहे. रेषा काट्यांसारख्या बोचणाऱ्या आहेत, किंबहुना मुकुट आणि मस्तक यांत भेदच उरलेला नाही. देखणेपणा नाही, आणि विशेष म्हणजे क्षमाही नाही. भक्तिचित्र पाहणाऱ्याला दोषी ठरविते, पण त्याच दमात त्याला क्षमाही देते. सूझाने दोष ठेवला आणि क्षमा काढून घेतली. हा बीभत्स ग्र्युनेवाल्डचा नव्हे, कारण येथे रुग्णाला सोबत नाही. फोन्सेकाने चित्रातून काय वगळले होते ते येथे उघडे पडते. तरीही दोघेही गोव्याच्या त्याच क्रूसाखाली वाढले होते, आणि एकाने साडीचा पदर निवडला तेव्हा दुसऱ्याने काटा निवडला एवढ्यावर त्यांची गोष्ट संपत नाही : त्या क्रूसाला जसाच्या तसा राहू देणे दोघांनाही अशक्य झाले होते.

शेवटी एका शब्दाकडे वळतो. गोव्याचा ख्रिस्ती ‘खुरीस’ म्हणतो, वसईचा ‘क्रूस’. दोन्ही शब्द पोर्तुगीजातून आलेले, मराठी कानाला अर्थ न सांगणारे. पण त्यांच्याबरोबर प्रतिमा आहे. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या मराठी बायबलाने ‘वधस्तंभ’ हा शब्द रूढ केला. त्यात वध स्वच्छ ऐकू येतो, आणि प्रॉटेस्टंट मंदिरातल्या क्रूसावर देह नसतो. जेथे चित्र बोलते तेथे शब्द मुका, जेथे भिंत मोकळी तेथे शब्दाला सारे सांगावे लागते, अशी ही वाटणी आहे. खानदेशात विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्वीडिश व स्कँडिनेव्हियन-अमेरिकन मिशनांनी जे काम केले, ते या दुसऱ्या परंपरेतले.

माझ्या पदव्युत्तर वर्गात नंदुरबारकडची एक विद्यार्थिनी होती. सूझाच्या चित्राची छापील प्रत मी वर्गात फिरविली, तेव्हा तिने ती बराच वेळ हातात धरली आणि मग पालथी करून पुढे दिली. तिच्या गावच्या मंदिरात वेदीमागे दोन लाकडे आहेत, एवढेच. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन तेथे येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर प्रवचने होतात. चौथ्या उद्गाराच्या वेळी, देवाने आपल्याला का सोडले असे तो विचारतो तेव्हा, तिची आजी दरवर्षी डोळे मिटून घेते, असे तिने सांगितले. “काही दिसत नसतं, सर,” ती म्हणाली, “तरी मिटते.”